एका मिनिटाचा रकाना

गेल्या अठ्ठावीस वर्षांत ताईंनी किती माणसांचं रक्त काढलं, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. पण दोनदा टोचावं लागलेली माणसं किती, हे ताईंना तोंडपाठ होतं. अकरा. त्यातली चार तान्ही बाळं, ती धरायची नाहीत. एक गृहस्थ सुई बघून खुर्चीसकट मागे सरकले होते, तो दोष खुर्चीचा. उरलेली सहा मात्र ताईंनी मनाशी कबूल केली होती, आणि त्यांतलं कुणी समोरून येताना दिसलं की ताई अजूनही रस्ता ओलांडून पलीकडे जात.

बाकी सगळे जण एका टोच्यात मोकळे. लोक म्हणायचे, ताईंच्या हाताला डोळे आहेत. ताई म्हणायच्या, डोळेबिळे काही नाहीत, घाई नाही एवढंच. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, कोपराच्या खोबणीत दोन बोटं ठेवायची आणि माणसाला बोलतं करायचं. माणूस सुईकडे बघत असतो तोवर शीरही दडून बसते. माणूस मेहुण्याच्या तक्रारी सांगायला लागला, की तो स्वतःला विसरतो आणि शीर वर येते. ती आली की टोचायचं. कुणाची लगेच येते, कुणाची गोष्ट संपेपर्यंत येत नाही.

या गोष्टी वाया जाऊ नयेत म्हणून ताईंनी एक वही ठेवली होती. प्रत्येक माणसामागे एक ओळ. 'सुतार. मेहुण्याने नेलेली शिडी. पूर्ण.' 'ग्रंथपाल बाई. शेजारणीचा पोपट. अर्धी.' पूर्ण म्हणजे सुई टोचण्याआधी गोष्ट संपली. अर्धी म्हणजे शीर आधी आली, गोष्ट राहिली; पुढच्या खेपेला "पोपटाचं काय झालं हो?" असं विचारायचं. पोपटाची चौकशी केलेली बाई पुन्हा येतेच येते.

म्हणूनच रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत नवा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तो चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी ताईंना मागून घेतलं. "मला हीच माणसं दर तीन महिन्यांनी परत हवीत," मॅडम म्हणाल्या. "दोनदा टोचलेला माणूस परत फिरकत नाही. तुमचे सगळे फिरकतात."

अभ्यास कशाचा, ते मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर नळी काढून समजावलं होतं. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. वाहिनी कधी सैल सोडायची, रक्तातलं काय चिकटू द्यायचं आणि काय नाही, हे सगळं ते अस्तर ठरवतं. रक्तातली साखर, चरबी, कंबरेचा घेर आणि रक्तदाब, हे चौघे एकत्र नांदायला आले की त्या अस्तराचं काम बिघडतं. छातीत दुखायच्या कितीतरी आधी. आणि बिघडलं की ते काही प्रथिनं रक्तात जास्त सोडायला लागतं. ती प्रथिनं मोजायची, म्हणजे आतलं दुखणं बाहेर यायच्या आधी कळतं का ते बघायचं. त्यांतल्या मुख्य प्रथिनाचं नाव एवढं लांब होतं, की सगळे त्याला नुसतं 'अस्तराचं प्रथिन' म्हणत.

एका बाजूला एकोणसाठ साखरवाले, दुसऱ्या बाजूला एकोणसाठ धडधाकट. साखरवाल्यांच्या यादीत एक जण कमी पडत होता. ताईंनी घरातलाच दिला.

ताईंचे यजमान शिंपी होते. साखर सहा वर्षांची, पोट त्याहून जुनं. "अस्तराचं मला सांगता?" ते म्हणाले. "कोट आधी आतून फाटतो. वरून माणूस लग्नाला जाऊन येतो आणि आत सगळ्या चिंध्या."

त्यांचा आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर. एकशे तीसच्या आत ठीक समजायचं होतं. त्या दिवसापासून घरातली लाडवांची बरणी माळ्यावर गेली, ताटात उकडलेल्या भाज्या आल्या आणि रोज संध्याकाळी दोघांची फेरी सुरू झाली. ताई पुढे, शिंपी मागे.

"अगं, जरा सावकाश! मी काही तुझा रुग्ण नाही."

"आकडा बघितलात ना?"

"आकडा, आकडा. लग्नात माझी पत्रिका बघितली नाहीस एवढ्या बारकाईने."

असं सात आठवडे चाललं होतं. मग एका सोमवारी दशांश खाली आला.

दशांश म्हणजे वरच्या मजल्यावर मशीन चालवणारा. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, कुठलाही आकडा दशांशाशिवाय न सांगणारा. चहा किती घेणार विचारलं तर हा "शून्य पूर्णांक..." असं सुरू करील अशी भीती वाटायची. तो जिना उतरून खाली येणं हीच बातमी होती.

"ताई, रागावू नका. नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना?"

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्याकडून? अदलाबदल?"

"नाही म्हणजे... दोन आकडे जुळत नाहीत. पोहायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, काडीसारख्या? धडधाकट यादीतल्या. त्यांचा एकशे एकाहत्तर पूर्णांक दोन. आणि ते हमाल, हे एवढं पोट, साखर अडीचशेच्या पुढे. त्यांचा चौऱ्याण्णव पूर्णांक सहा. तीनदा मशीन चालवलं. मशीन बरोबर आहे."

"आणि मी चूक."

"असं मी म्हटलं नाही."

"बघितलंस मात्र तसंच."

तो गेला. ताईंनी चिठ्ठ्या तपासल्या, नळ्यांवरचे क्रमांक तपासले, सह्या तपासल्या. काही बदललं नव्हतं. इथे दुसरी एखादी बाई "बघा, माझं बरोबर आहे" म्हणून गप्प बसली असती. पण ताईंना एक खोड होती: जुळत नसलेली गोष्ट त्यांना दाढेत अडकलेल्या दाण्यासारखी टोचायची. त्यांनी वही काढली.

'पोहणारी बाई. हात गार. पाण्याला घाबरणारी जाऊ. पूर्ण.'

'हमाल. दोरीसारखी शीर! हरवलेली पेटी. अर्धी.'

ताई दोन्ही ओळींकडे बघत राहिल्या. पोहणारी बाई नीट आठवली. सकाळी तलावातून थेट आलेली, हात बर्फासारखे, शीर कुठे मागमूस नाही. जावेची गोष्ट चांगली लांबली होती. जाऊ पाण्यात उतरली, ओरडली, वर आली, पुन्हा उतरली. तेवढा वेळ पट्टा दंडाला आवळलेला. हमालाची पेटी मात्र हरवायच्या आतच नळी भरली होती.

"असं असेल का?" ताई स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "छे." आणि पाच मिनिटांनी जिना चढून वर गेल्या.

"मला सगळ्यांचे आकडे दे. मोठ्यापासून लहानापर्यंत लावून."

"कशाला?"

"मी नळ्या बदलल्या का ते मलाच बघू दे."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ताई बसल्या. एका हाताशी यादी, दुसऱ्या हाताशी वही. यादीतले वरचे तीस घेतले आणि प्रत्येकापुढे वहीतला शब्द लिहिला. पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धी, पूर्ण. मग खालचे तीस. अर्धी, अर्धी, पूर्ण, अर्धी. मोजलं. वरच्या तिसांत सव्वीस गोष्टी पूर्ण. खालच्या तिसांत पंचवीस अर्ध्या.

त्यांना आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. एखादी गाठ अचानक सुटावी तसा. आकडा साखरेमागे जात होताच, पण तो गोष्टीमागेही जात होता! आणि हे का, तेही त्यांना कळत होतं. जाड हातांत शीर खोल असते. साखरवाल्यांना ताई जास्त वेळ बोलतं ठेवत. तेवढा वेळ पट्ट्यामागे रक्त तुंबून राही, अस्तरावर ताण येई, आणि अस्तर मुकाट्याने आपलं प्रथिन सोडत राही. म्हणजे आजाराचा म्हणून जो आकडा वर मोजला जात होता, त्यातला काही भाग खाली या खुर्चीत तयार होत होता.

मग त्यांना रकाना आठवला, आणि आनंद जागच्या जागी विरला.

प्रत्येक चिठ्ठीवर, नाव, वय, उपाशीपोटी आहे का, यांच्या खाली एक रकाना होता: 'पट्टा किती वेळ.' एका मिनिटाच्या आत सैल करावा, असा नियम होता. आणि एकशे अठरा चिठ्ठ्यांवर, ताईंच्या वळणदार अक्षरात, एकच उत्तर होतं: १ मि.

एकदाही घड्याळ न बघता.

वही ताईंशिवाय कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती. वाचली तरी त्यात पोपट आणि शिडी. गुरुवारी मॅडम या निकालावर बोलायला मोठ्या सभागृहात उभ्या राहणार होत्या; फलक छापून आला होता. ताई गप्प राहिल्या तर त्यांचा हात डोळस राहणार होता आणि मॅडमचा निकाल ठसठशीत. बोलल्या तर अठ्ठावीस वर्षांचं नाव त्या एका रकान्यात बुडणार होतं. ताईंनी वही पिशवीत घातली. काढली. पुन्हा घातली. मग वर जाऊन दशांशला म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात बघायचेत. घड्याळ तू धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी उपाशीपोटी खुर्चीत बसले. तोंड अर्थातच सुतकी.

"दोन्ही हात का? एकात काय कमी रक्त आहे?"

"उजव्या हाताला पट्टा बांधून एका मिनिटाच्या आत काढायचं. मग डाव्या हाताला नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बडबडायचं."

"ती परवानगी घरी का नाही?"

ताईंनी उजव्या दंडाला पट्टा बांधला. बोटं ठेवली. शीर नव्हती. म्हणजे होती, पण खोल, अजून विचारात पडलेली. "तीस," दशांश म्हणाला. ताईंची बोटं सवयीने वाट बघू लागली. "चाळीस." कपाळावर घाम आला. "पन्नास, ताई." ताईंनी टोचलं. सुई आत गेली, नळीत काही आलं नाही.

"आई गं!" शिंपी ओरडले. मग दुखणं विसरून बायकोकडे बघायला लागले. "चुकली? तू?"

"बोलू नका."

पट्टा सोडला. थोडं थांबून पुन्हा बांधला, थोडा खाली, आणि पुन्हा टोचलं. अठ्ठेचाळीस सेकंदांत नळी भरली. बारावा माणूस, आणि तोही ज्याचे शर्ट ताई रोज आपल्या हाताने घडी करून कपाटात ठेवत, तो.

डाव्या हाताला शिंप्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्या माणसाने वजन उतरणार म्हणून कोट दोन इंच आत घ्यायला लावला होता, आणि कोट नेण्याच्या दिवशी तीन इंच बाहेर काढून मागितला. गोष्ट पूर्ण झाली तेव्हा दशांशच्या घड्याळात चार मिनिटं आणि दहा सेकंद झाली होती. टोचा एकच, आणि हळुवार. ताईंना स्वतःचीच लाज वाटली, इतका तो छान जमला होता.

दुपारी आकडे आले. "उजवा एकशे अडतीस पूर्णांक चार. डावा एकशे शहात्तर पूर्णांक एक."

ताई खुर्चीत बसल्या.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," दशांश म्हणाला. मग बाह्या सरसावत म्हणाला, "माझेही घ्या." त्याच्याकडे सांगायला गोष्ट नव्हती, म्हणून त्याने मशीनची देखभाल कशी करतात ते सांगितलं, आणि ताईंनी ते चार मिनिटं ऐकलं. त्याचे आले शहाण्णव आणि एकशे एकवीस. त्याने सांगितले ते अर्थात पूर्णांकांसकट.

संध्याकाळी फेरीत शिंपी आज पुढे होते.

"म्हणजे सात आठवडे मी उकडलेलं खाल्लं ते तुझ्या पट्ट्यापायी!"

"एकशे अडतीसही एकशे तीसच्या वरच आहे."

"आठाने! आठाने वर! त्या आठासाठी बरणी माळ्यावर?" मग दहा पावलं गेल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं. बायको मागे पडली होती. असं कधी झालं नव्हतं. "अगं, मॅडमना सांगणार आहेस ना?"

"सांगितलं तर मला काढतील."

"मग?"

"मग काय मग. तुम्ही लग्नाचा कोट चुकीच्या मापाने बेतलात, तर काय करता?"

"कापायच्या आधी कळलं तर सांगतो." शिंप्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "कापल्यावर कळलं तर... तेव्हाही सांगावंच लागतं. माणूस तो अंगात घालून बघतोच ना शेवटी."

बुधवारी सकाळी ताई मॅडमच्या खोलीत गेल्या. दारावर टकटक करण्याआधी दोनदा मागे फिरल्या. आत गेल्यावर त्यांनी आधी यादी ठेवली, मग वही, मग सगळं एका दमात सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "एकशे अठरा चिठ्ठ्यांवर एक मिनिट?"

"हो."

"एकदाही दोन नाही?"

"नाही."

"का लिहिलंत?"

ताईंनी खरं ते सांगितलं. "तिथे तेच लिहायचं असतं असं वाटलं. 'उपाशीपोटी?' पुढे 'हो' लिहितात ना, तसं."

"उद्या मी दोनशे लोकांसमोर उभी राहणार होते, ताई."

"माहीत आहे. म्हणूनच आज आले."

मॅडम खरंच चिडल्या होत्या. मानेवर लाली चढली होती. त्यांनी वही ओढून घेतली, जशी एखादी शिक्षिका नापास पोराचा पेपर ओढते. दोन पानं उलटली. मग तिसरं. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पूर्ण म्हणजे साधारण किती मिनिटं?"

"तीन ते पाच. सुताराची सहा असेल."

"शिडी परत मिळाली का?"

"अर्धी. मेहुण्याने खालच्या पायऱ्या कापून स्टूल केलं."

मॅडमच्या तोंडातून हसू फुटलं, आणि ते फुटल्याचा त्यांना रागही आला. त्या पुन्हा यादीकडे वळल्या. आता पेन्सिल हातात होती. "साखरवाल्यांत अर्ध्या गोष्टीचे किती?"

"नऊच. ते बघितले मी. त्यांचे आकडे धडधाकटांपेक्षा थोडे वर आहेत. पण नऊ माणसांवरून काय बोलणार?"

मॅडमनी वर बघितलं. "हे तुम्ही आधीच बघितलंत?"

"दाण्यासारखं टोचत होतं," ताई म्हणाल्या.

मॅडमनी फोन उचलला आणि गुरुवारचं भाषण रद्द केलं. पलीकडून कुणी कारण विचारलं असावं; त्या म्हणाल्या, "मोजण्यात चूक आहे. हो, आमचीच. नाही, मशीनची नाही." ताईंनी डोळे मिटून घेतले. नाव कुणी घेतलं नाही, पण 'आमची' या शब्दात आपण किती आहोत ते त्यांना नीट मोजता येत होतं.

"दुसरी कुणी तरी बघा," ताई म्हणाल्या. "मी चिठ्ठ्या लिहून देईन."

"तुम्ही चिठ्ठ्या लिहू नका, एवढं नक्की." मॅडम अजून रागातच होत्या. "पण रक्त तुम्हीच काढायचं. मधेच हात बदलला तर मला दोन चुका शोधाव्या लागतील. एकशे अठराही पुन्हा बोलवायचे. घड्याळ भिंतीवर लागेल, डोळ्यांसमोर. पन्नासाव्या सेकंदाला पट्टा सुटला पाहिजे, शीर मिळो न मिळो. न मिळाली तर थांबायचं आणि दुसऱ्या हाताला टोचायचं. आणि चिठ्ठीवर नवा रकाना: किती वेळा टोचलं. तो तुम्ही स्वतः भरायचा."

"लोक येणार नाहीत परत."

"बघू."

पुढच्या सोमवारी घड्याळ लागलं. लाल काट्याचं, भलतंच मोठं. दशांशने ते स्वतः टांगलं आणि दोन सेकंद पुढे आहे म्हणून पुन्हा उतरवून नीट केलं.

पहिली आली ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. रुंद हात, कमरेला गाठ मारलेला पदर, आणि सुईची अशी धास्ती की गेल्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. साखरवाल्यांत तिचा आकडा सगळ्यांत वरचा होता, दोनशेच्या घरात. तेव्हापासून तिने दोन जिने चढणंही सोडलं होतं, छातीत काही होईल म्हणून.

"ताई, तुम्हीच आहात ना? मग झालं. म्हटलं दुसरी कुणी असली तर आल्या पावली परत."

एरवी इथे ताई म्हणाल्या असत्या, बसा, काही कळणारसुद्धा नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "ऐका. आज कदाचित दोनदा टोचावं लागेल."

बाईने हात मागे घेतला. "दोनदा? तुम्ही?"

"मागच्या वेळी मी पट्टा फार वेळ आवळून ठेवला. त्याने आकडा वाढतो. किती वाढतो ते माहीत नाही. म्हणून पुन्हा."

"म्हणजे माझा तो आकडा..." बाई पुढे झुकली. "माझा होता की तुमचा?"

"थोडा माझा होता. किती, ते तुमच्या हातात आहे. अक्षरशः."

बाईने पदराची गाठ घट्ट केली. घड्याळाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, आपल्या कोपराच्या खोबणीकडे बघितलं, जणू आतलं अस्तर तिथूनच दिसणार होतं. "आणि सगळाच्या सगळा तुमचा निघाला तर?"

"तर तुम्ही जिने चढा."

"आणि माझा निघाला तर?"

"तर मॅडम आहेत, औषध आहे. पण आधी कळू तर द्या."

बाईने हात पुढे केला. या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. ताईंनी पट्टा बांधला, दोन बोटं ठेवली. बाईने सवयीने तोंड उघडलं, "आमच्या शाळेत परवा..." आणि ताईंनी मान हलवली. आता नको. दोघी घड्याळ बघत बसल्या. वीस. तीस. बोटांखाली मऊ मांस होतं, त्याखाली कुठे तरी काही तरी होतं, पण येत नव्हतं. चाळीस. पंचेचाळीस. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर ती शीर पायघड्यांवरून चालत आली असती, हे ताईंना इतकं पक्कं माहीत होतं की बोटं उचलायला जोर लावावा लागला.

पन्नास. त्यांनी पट्टा सोडला आणि खुर्चीला वळसा घालून त्या डाव्या हाताकडे गेल्या.